कागदावरचा धडधाकट

मंडळी, ऐका. आज आधी एक प्रश्न विचारतो. माणूस तोंडानं खोटं बोलला तर आपण त्याला पापी म्हणतो. पण तेच खोटं कागदावर उतरलं, खाली सही झाली, वर शिक्का बसला — मग ते पाप राहतं, की त्याचा दाखला होतो?

माना हलवू नका. आधी गोष्ट ऐका.

शिवराम धायगुडे नावाचा एक ड्रायव्हर होता. चोवीस वर्षं गाडी चालवलेला. विडी नाही, दारू नाही, गळ्यात माळ. वऱ्हाडाची मिनीबस त्याच्या हाती असली की माणसं निर्धास्त डुलक्या घ्यायची. फक्त वर्षभर त्याचं डोकं मागून ठणकायचं, मधूनच डोळ्यापुढं अंधारी यायची. तो म्हणायचा, पित्त आहे. आपल्याकडे काय, गुडघ्याच्या वर दुखलं की सगळं पित्तच!

लायसन्सची मुदत संपत आली. नव्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं — हा माणूस गाडी चालवायला तंदुरुस्त आहे, असं. बायको हौसाबाई त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं एकबोटे डॉक्टरीणबाई. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजला. वरचा एकशे नव्वद, खालचा एकशे वीस.

बाई म्हणाल्या, "शिवरामभाऊ, आज मी सही करणार नाही. गोळ्या सुरू करा, दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला या. दाब आटोक्यात आला की सही मीच करीन. तोवर स्टेअरिंगला हात लावू नका."

काय वाईट बोलल्या बाई? पण शिवरामाला राग आला. त्यानं गाडीमालकाला सांगितलं, तर मालक म्हणाला, लग्नसराई तोंडावर आलीय, डॉक्टर बदल.

तालुक्याला एक डॉक्टर होते. त्यांचं नाव कीर्तनाच्या या गादीवरून माझ्या तोंडी यायचं नाही. त्यांच्याकडे लायसन्स काढून देणारा एजंट फॉर्मांचा गठ्ठा घेऊन जायचा. माणसं बाहेर बाकावर, कागद आत! फॉर्मवर विचारलं होतं — चक्कर येते का, रक्तदाबाचा त्रास आहे का? शिवरामानं स्वतःच्या हातानं लिहिलं, नाही. डॉक्टरांनी त्याचं तोंडही न बघता सही ठोकली. होय, शिवरामही दोषी आहे. माळकरी आहे, आपल्यातला आहे, म्हणून मी त्याला सोडणार नाही.

गोळ्यांचं पाकीट खिशातच राहिलं. पंधरा दिवसांनी, भर दुपारी, वऱ्हाड घेऊन तो कारवे घाट उतरत होता. उजवा हात स्टेअरिंगवरून गळून पडला. ओरडायला गेला, तर जीभ वळेना. गाडी वळणावरच्या दरडीवर आदळली. तिथं पानांचे द्रोण मांडून यमुनाआजी करवंदं विकायला बसायची. मंडळी, ती जागच्या जागी गेली. वऱ्हाडातल्या अकरा जणांची हाडं मोडली. शिवराम वाचला, पण उजवं अंग कायमचं लुळं झालं.

महिन्याभरानं हौसाबाईनं त्याला जीपमध्ये घालून त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आणलं. बाकावर चौदा ड्रायव्हर सहीची वाट बघत बसले होते. तिच्या दोघा भावांनी शिवरामाला काखेत धरून आत नेलं. तिनं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. रडली नाही, आवाज चढवला नाही.

"डॉक्टर, तुमच्या कागदावर हा माणूस धडधाकट आहे. मग आता याला उभा करून दाखवा."

डॉक्टर गडबडले. म्हणाले, दुखणं नंतर आलं असेल, त्यानंच तर लिहून दिलंय. ती म्हणाली, मग आज तरी मोजा.

आता नाही कसं म्हणणार? चौदा माणसं दारातून बघत होती. डॉक्टरांनी कपाटातून यंत्र काढलं, पट्टा बांधला, फुगा दाबला. फुस्स! सगळी हवा बाहेर. त्या यंत्राची नळी कधीची तडकली होती, हे डॉक्टरांना त्या दिवशी कळलं.

गुलाब मुलाणी नावाचा ट्रक ड्रायव्हर उठला, आत गेला, आणि गठ्ठ्यातून आपला फॉर्म काढून घेतला. मागोमाग बाकीचे तेरा. सगळे एकबोटेबाईंकडे गेले. पाच जणांचा दाब वाढलेला निघाला, खुद्द मुलाण्याचा तर शिवरामापेक्षा जास्त. गोळ्या घेऊन, दाब आटोक्यात आणून, चार महिन्यांत ते पाचही जण पुन्हा गाडीवर बसले. एवढंच तर करायचं होतं! त्या डॉक्टरांची चौकशी चालू आहे. दोन वर्षं झाली, चालूच आहे.

तुम्हाला डॉक्टरांचा संताप आला ना? मलाही आला. पण गाडी ठरवताना तुम्ही काय विचारता? किती वेळात पोचवशील. ड्रायव्हरचं डोकं दुखतंय का, हे कुणी विचारलंय आजवर? आणि 'तपासणी कशाला, ओळखीनं सही आणून देतो' असं म्हणत मिरवणारे माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसलेत. मी त्यांना ओळखतो. कीर्तन संपलं की हार घेऊन तेच पुढं येतील.

येऊ नका. आज माझा गळा मोकळाच राहू द्या.