आठव्याच्या आत टायर

...नाही, मला एक सांगा, तुमच्याच दारात उभ्या असलेल्या तुमच्याच गाडीच्या टायरला गावातला प्रत्येक माणूस चपलेच्या टोकानं टोचून का बघतो? म्हणजे माणूस आलेला असतो लग्नाची पत्रिका द्यायला, आणि पत्रिका राहते बाजूला, तो वाकतो, टायरवरून अंगठा फिरवतो आणि असा चेहरा करतो की... डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरतात ना, आणि काहीच बोलत नाहीत, अगदी तसा! मग उठतो, गुडघे झटकतो आणि म्हणतो, "बघा बाबा... तुमची मर्जी." अहो, कसली मर्जी? मी काही बोललोय का? मी ओट्यावर चहा पीत बसलोय!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, टायर झिजले तर बदलायचे. बरोबर आहे, तुमचं काय जातंय म्हणायला! मी कर्जतला हायस्कुलात क्लार्क. घरात मी, आमची सुरेखा आणि माझी आई, पुष्पावतीबाई. एकुलती एक मुलगी, संस्कृती, राहात्याला दिलेली. तिला सातवा महिना सरत आलेला, पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आठव्यात प्रवास करायचा नाही हा आईचा कायदा. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनीही बजावलेलं, न्यायची तर आताच न्या आणि धक्के अजिबात नकोत. मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही. तर हे नुसते टायर नव्हते, हे तुमच्या लक्षात येतंय ना? राहाता ते कर्जत एवढा रस्ता, आणि माझी पोर त्या चार चाकांवर बसून येणार होती. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो.

आणि त्या भीतीला खतपाणी घालायला शेजारी गोरखतात्या! गोरक्षनाथ नाव, दुधाचा धंदा, दारात दहा-बारा गाई, आणि हा माणूस सकाळी सकाळी दूध घेऊन आला की आधी गाडीला प्रदक्षिणा घालणार. "क्लार्कसाहेब, लेकीला आनायचीय न्हवं? ...ह्या टायरवर?" मी म्हटलं, का हो तात्या? "न्हाई, मी काय बोलत न्हाई. आमच्या चुलत साडूचं असंच हुतं. गाडी नवी कोरी, टायर तेवढे गुळगुळीत. खर्ड्याच्या अलीकडं, वळनाला... जाऊ द्या. सकाळच्या पारी कशाला तोंडातनं काडा." अहो, काय झालं वळणाला? सांगा की! तर हा किटली उचलतो, डाव्या बाजूच्या पुढच्या टायरकडं बघत मान हलवतो. "बघा बाबा... तुमची मर्जी." आणि गेला!

तुम्हाला सांगतो, दिवसभर मला ते वळण दिसत होतं. शाळेत एका पोराचा दाखला लिहीत होतो, आणि 'वर्तणूक'च्या पुढं मी काय लिहिलं माहितीये? 'गुळगुळीत'! हेडमास्तरांनी सहीला घेतला, वाचला, चष्मा काढला, परत वाचला. म्हणाले, कल्याणराव, आधी टायर बदला. म्हणजे त्यांनीही येता-जाता बघून ठेवले होते!

मग काय, स्टाफरूममध्ये परिषद भरली. भूगोलाचे सर म्हणाले, दोनच घ्या आणि पुढं टाका, गाडी पुढच्या चाकांवर वळते. पी.टी.चे सर म्हणाले, छे छे, नवे नेहमी मागं टाकायचे, नाहीतर पावसात गाडी मागून फिरते, आणि एकदा फिरली की... आणि थांबले. हे सगळे नेमके तिथंच का थांबतात हो? पुढचं सांगायला ह्यांना काय होतं? मी म्हटलं, मग चार घेतो. तर दोघंही म्हणाले, चार? गाडी जुनी, त्यात चार? बघा बाबा... तुमची मर्जी. मग मोबाईलवर शोधलं. एक जण लिहितो, टायर फार छान, लोण्यासारखे. त्याच टायरखाली दुसरा लिहितो, वाचलो म्हणून लिहितोय. आणि एकदा शोधलं की तो मोबाईल पिच्छा सोडतो का? मी भजन लावलं, टायर! हवामान बघितलं, टायर! संस्कृतीचा फोन आला, "पप्पा, कधी येताय?" तर तिच्या फोटोच्या मागोमाग टायर! इकडं अमावस्या जवळ आलेली, तिच्या पाठोपाठ आठवा लागणार, आणि आई देवासमोर बसून मोठ्यानं म्हणतेय, "देवा, ह्याला टायर निवडायची बुद्धी दे." मोठ्यानं! मला ऐकू जावं म्हणून!

शेवटी रजा टाकली आणि गाडी काढली नगरला... अहिल्यानगरला, हो, पाटीवर तेच आहे, तोंडाला अजून वळण पडलं नाही. निघालो तर गोरखतात्या शेजारच्या सीटवर बसलेला! मी बोलावलं नव्हतं. म्हणाला, "तुमाला यकट्याला गंडवतील." वाटेत मी धीर करून विचारलं, तात्या, त्या खर्ड्याच्या वळणावर झालं तरी काय? "गाडी बंद पडली." टायर फुटला? "न्हाई वो. डिझेल सपलं." अहो, डिझेल संपलं! त्या वळणापायी मी एका निष्पाप पोराची वर्तणूक गुळगुळीत केली!

दुकानात शेठनं दोन टायर समोर उभे केले. म्हणाला, हा कडक, रस्ता झिजेल पण हा झिजणार नाही, फक्त खड्ड्याचा दणका आत येईल. आणि हा मऊ, लवकर झिजतो, पण पोटातलं पाणी हलणार नाही. आता मला सांगा, ज्याची लेक सातव्या महिन्यात आहे त्याला 'पोटातलं पाणी' म्हटल्यावर तो दुसरं काही ऐकेल का? मी म्हटलं, मऊ. चारी मऊ! तर शेठ म्हणतो, घ्या, फक्त काट्याकुट्याला जरा जपा. आणि तात्या लांबूनच, "मऊ हाय व्हय... बघा बाबा... तुमची मर्जी."

लांबून का? कारण तात्या नव्या टायरकडं बघतच नव्हता! तो आमच्या उतरवलेल्या जुन्या टायरपाशी उकिडवा बसला होता आणि त्यांच्यावरून असा हात फिरवत होता की स्वतःच्या गाभण गाईवरून सुद्धा फिरवत नसेल. मी म्हटलं, काय हो? तर लाजला! "साहेब, मुरघासाचा खड्डा भरलाय. मका दाबून वर ताडपत्री टाकली, पर तिच्यावर वजन नगं का? दगडानं फाटतीय. टायरावानी वजन न्हाई बघा." तर हे आहे! वर्षभर हा माणूस अख्ख्या कर्जतच्या टायरांना चपलेनं टोचत फिरतोय ते ह्यासाठी! आंबा पाडाला आला का बघतात तसं! ह्याच्या गाईंच्या चाऱ्यावर वजन पाहिजे म्हणून माझ्या छातीवर दगड! मी असा भडकलो की बास.

शेठ म्हणाला, तुमची स्टेपनी वापरल्याशिवायच तडकलीय, जुन्या चारांतला त्यातल्या त्यात बरा टायर तिच्या जागी ठेवतो. आणि बरा म्हणून कुठला निघाला? डावीकडचा पुढचा! गावानं ज्याला सगळ्यांत जास्त नावं ठेवली तो! तात्या लगेच, "त्योबी मलाच द्या की. नव्या टायराला स्टेपनी कशाला लागतीय?" खरं सांगतो, मी शहाणपणानं ठेवला नाही तो टायर. निव्वळ चिडून ठेवला. म्हटलं, मिळणार नाही! बाकीचे मागच्या सीटवर रचले, आणि तात्या कर्जतपर्यंत एक टायर मांडीवर घेऊन बसला, बारशाचं पोर घेऊन बसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी राहात्याला निघायचं. आई पहाटेच लिंबं-मिरच्या घेऊन ओट्यावर. आईचं एक दाभण आहे, पोती शिवायचं, माझ्या जन्माच्या आधीपासूनचं, टोकाला जरा वाकडं. त्यानं ती सुतळीत लिंबू, मिरच्या, बिब्बा ओवत होती, पुढं बंपरला बांधायला, आणि बोलायला तोंड वर केलं की दाभण हरवू नये म्हणून जवळच्या लिंबात खोचून ठेवत होती. जुन्या माणसांची सवय. सुरेखा म्हणाली, आटपा, राहूकाळ लागेल. मग पळापळ! आईनं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि स्वतः वाकून, तिचे गुडघे वाकत नाहीत तरी वाकून, चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली. म्हणाली, "घे गाडी पुढं. माझ्या नातीच्या वाटेतलं सगळं ह्या लिंबांनी घ्यावं." मी गाडी पुढं घेतली, फच्च फच्च झालं. आईनं डोळ्याला पदर लावला. मलाही जरा... असो.

जाताना काय गाडी चालली म्हणता! पाणी हललं नाही! संस्कृतीला घेतलं, मागं उशांचा ढीग, सुरेखा तिचा हात धरून, आणि परत निघालो. नगर गेलं. सोलापूरच्या रस्त्याला लागलो. मिरजगावच्या अलीकडं रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना माळ, ऊन असं की पाखरू नाही, आणि स्टिअरिंग हळूच डावीकडं ओढायला लागलं. मी दोन्ही हातांनी उजवीकडं धरून ठेवलं. सुरेखानं आरशात माझ्याकडं बघितलं आणि एक उशी पोरीकडं सरकवली. आणि मागून पोर म्हणाली, "पप्पा, गाडी एका बाजूला चाललीय का?"

तुम्हाला सांगतो, तेव्हा मला कळलं ते सगळे नेमके तिथं का थांबत होते. पुढचं वाक्य तोंडातून निघतच नाही! हळूहळू कडेला घेतली. उतरलो. डावीकडचा पुढचा, नवा कोरा, मऊ मऊ टायर भाकरीसारखा बसलेला! पोरीला बाभळीच्या सावलीत बसवलं, सुरेखानं पाणी दिलं, आणि मी जॅक लावला. संस्कृती म्हणाली, "पप्पा, सावकाश. मी बरी आहे. बाळ लाथा मारतंय." मी चाकाकडं तोंड करून रडून घेतलं. घाम आणि ते एकच दिसतं, बरं असतं.

आणि मग तो चढवला. तोच! गुळगुळीत, गावानं ओवाळून टाकलेला, तात्याच्या मुरघासावरून वाचलेला! सायकलवाले पुढं जात होते अशा वेगानं घरी आणलं पोरीला, त्या टायरवर. केसाला धक्का नाही. दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बघ! लिंबू ठेवलं म्हणून पंक्चरवर निभावलं. नाहीतर काय झालं असतं?" आणि तात्या चढवलेल्या टायरकडं बघत म्हणाला, "अजून हायच व्हय ह्यो..."

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याकडं गेलो. त्यानं टायर पाण्यात फिरवला, बुडबुडे आले, पक्कड घातली आणि ओढून माझ्या हातावर ठेवलं. नेढं घासून गेलेलं. पण टोकाचा तो वाकडेपणा... अहो, मी ओळखणार नाही का? त्यानं शिवलेल्या पोत्यांवर झोपून मी मोठा झालोय!

खिशात घातलं. घरी आलो तर आई घरभर शोधतेय. "कल्याण, माझं दाभण बघितलंस का रे?" आधी सुरेखावर आळ घेतला, मग तात्याच्या शेळीवर. आता तुम्हीच सांगा, काय सांगू? त्या बाईनं न वाकणारे गुडघे वाकवून नातीच्या वाटेतली पीडा काढली, तिला सांगू की पीडा तूच ठेवली होतीस? त्या दिवसापासून जेवणार नाही ती. नाही बोललो. दाभण अजून खिशातच आहे, हे बघा, सदऱ्याला भोक पडलंय.

आता नववा लागलाय. दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवलीय, गाडीचं तोंड रस्त्याकडं करून ठेवलंय, आणि आज सकाळी गोरखतात्या दूध घेऊन आला तो आईसाठी नवं दाभण घेऊन! "आजी, ह्ये घ्या. चांगलं कडक हाय, वाकायचं न्हाई." बरं, एवढ्या प्रेमानं आणलेलं! आई लगेच लिंबं घेऊन ओट्यावर बसली. दाभण लिंबात खोचलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कल्याण, दवाखान्यात न्यायच्या दिवशी चाकांखाली ठेवायची ना रे लिंबं? मागच्या खेपेला त्यांनीच तारलं बाबा."

त्या दिवशी प्रत्येक लिंबू मी आधी बोटांनी चाचपणार आहे, ते वेगळं. पण आज मी उठलो, चपलेच्या टोकानं टायर जरासा टोचला, गुडघे झटकले आणि म्हणालो, "बघ आई... तुझी मर्जी."