जेवणारीचं वाक्य

तुम्ही म्हणता ना, या वयात परकी भाषा शिकून काय करायचंय, तर ऐका. आमच्या सुधीरची दोह्यातल्या ऑफिसातली साहेबीण आइसलँडची, गुद्रून नावाची. ती घरी जेवायला येणार म्हटल्यावर सुधीर मला म्हणाला, "आई, तू नुसती हस. बोलायला जाऊ नकोस."

मला ते लागलं. पाहुणी माझ्या घरी, आणि मी मुकी बसू?

नात ईशा, तिला पकडलं. तिनं मोबाईलवर बघून सांगितलं, "आजी, जेवून झालं की गेस्ट थँक्यू म्हणते. मग तू म्हणायचं, वेर्दी थेर आद गोदू. म्हणजे, अंगी लागो." पोळ्या लाटता लाटता मी तेवढं घोकलं.

गुद्रून पोटभर जेवली आणि म्हणाली, "थाक फिरिर मिग." ईशानं मला कोपरानं ढोसलं. मी माझं वाक्य न अडखळता म्हटलं. सुधीर पाणी प्यायचा थांबला.

गुद्रून हसली, पण उठेना. सुधीरला विचारते, "आई कधी जेवणार?"

"ती मागाहून जेवते."

तर बाईनं मला हाताला धरून बसवलं, स्वतः वरणभात वाढला, वर तूप घातलं आणि माझं होईपर्यंत समोर बसून राहिली.

जेवून झालं, तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ईशाला हळूच म्हटलं, "अगं, जेवणारीचं वाक्य मला शिकवलंच नाहीस."

"सॉरी आजी," ती म्हणाली, "मला वाटलं, ते तुला लागणारच नाही."