पाठीवर शिवण नको

—नाही, नाही मास्तर, लहान झाला म्हणून नाही आणलाय हा फ्रॉक. अंगाला बरोब्बर बसतो. मागून उघडायचाय, गळ्यापासून थेट घेरापर्यंत, आणि कडेला नाड्या — हो, दवाखान्यात घालतात ना, तसाच. तिला आता हात वर करता येत नाहीत. आणि पाठीवर जाड शिवण नको. दिवसभर पाठीवरच असते, वळ उठतात. आत दोन बोटं कापड राहू देऊ म्हणताय? ते मग सांगते. — हो, तीच. तीच माझी बिट्टी. गेल्या वर्षी तुमची टेप ओढत त्या दारापर्यंत गेली होती. तुम्ही म्हणालात, "ताई, ही माझं दुकान मोजून नेणार!" नेलं असतं हो. पडली नाही, झडली नाही. आधी चालणं गेलं, मग बसणं गेलं, मग "काऊ" म्हणायची तेही गेलं. आणि मी सगळ्यांना सांगतेय, मुलं विसरतात, परत शिकतात — चार महिने सांगत होते, आणि लोकांना पटायचंसुद्धा. शिकलेली ना मी!

शिकलेली म्हणजे काय — तुम्ही उसवता उसवता ऐका. लग्नाआधी पाच वर्षं प्रयोगशाळेत एकाच गोष्टीवर काम केलं. फॉस्फोलायपेज. नाव सोडा, कात्री म्हणा. आपल्या प्रत्येक पेशीला चरबीच्या रेणूंचं आवरण असतं, दुहेरी, तुमच्या अस्तर लावलेल्या कोटासारखं. ही कात्री ते रेणू कापते. सापाच्या विषातही असते. मी तीच वापरायचे. थेंबभर टाकली की रक्तपेशी फुटून सगळं पाणी लालभडक. एवढीच माझी तिच्याशी ओळख — म्हणजे खाटकाचा सुरा तेवढा पाहायचा आणि घरातली विळीही त्याचीच समजायची! तर डॉक्टरांनी बिट्टीच्या रक्ततपासणीचा अहवाल वाचला, म्हणाले, तुमच्या मुलीच्या पेशींत फॉस्फोलायपेजांतलं एक नीट तयारच होत नाही. आणि मला — सांगू का, मला हायसं वाटलं. हसले मी. म्हटलं, कात्रीच नाही तर कापणार कोण? बरंच झालं की! डॉक्टर बघतच राहिले. नवराही हसायला लागला, माझ्याकडे बघून, माझ्या भरवशावर हसला हो तो बिचारा.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. सगळं होतं त्यांत, माझ्याच अक्षरात, परीक्षेपुरतं घोकलेलं. अन्नातली चरबी पचवायची, तर हिची एक बहीण. बाहेरून निरोप आला की आवरणातला रेणू कापून त्याचा तुकडा आत धाडायचा, तर दुसरी. ताप, सूज, जखमेभोवतीची लाली — तिथेही पहिली कात्री ह्यांच्यातलीच कुणीतरी चालवते. आणि बिट्टीला जी नाही, ती शिंपीण. आवरणातला विरलेला धागा कापून काढायचा, म्हणजे तिथे नवा घालता येतो. तुम्ही आत्ता करताय तेच. कुजलेलं न काढता ठिगळ लावलं तर काय होतं, मास्तर? — हां. टाकाच धरत नाही. तिच्या मज्जातंतूंत जुनं निघतच नाही, तंतूंची टोकं फुगत जातात, पायाला निघालेला निरोप पायाला पोचत नाही. औषध? नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या घरात नव्हतं असलं कधी. नव्हतंच. शिंपीण घडवणाऱ्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती — एक बिघडलेली नवऱ्याकडे, एक माझ्याकडे. दुसरी चांगली होती म्हणून आम्हा दोघांचं भागलं. तिच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच आल्या.

नको, स्टूल नको, बरी आहे मी. — दिसतंय का एवढं? साडेचार महिने. चारांत एकाला तेच होऊ शकतं, पुन्हा. पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी काढून तपासायला दिलं होतं. पाकीट ह्या पिशवीत आहे, सकाळपासून. घरी दोघांनी मिळून उघडायचं ठरलंय. पण घर म्हणजे एकच खोली, मास्तर, उघडायचं ते तिच्यादेखत. हात गेले, पाय गेले, पण डोळे माझ्या मागे फिरतात अजून. माझा चेहरा वाचते ती. तेवढं येतं तिला.

ती कात्री द्या जरा. — नाही, नको. तुम्हीच कापा. कडेने. आतला कागद जपून. द्या.

…

एक. एकच बिघडलेली, मास्तर. म्हणजे माझ्यासारखंच. ह्याला काही होणार नाही. चालेल हे. तुमची टेप ओढेल, दुकान मोजेल, "काऊ" म्हणेल आणि म्हणतच राहील —

बघा. आलं ना हसू! परत आलं. तेव्हा निदान अडाणीपणाने तरी आलं होतं. आता सगळं कळून येतंय, आणि थांबत नाहीये. हा चेहरा घेऊन तिच्यापुढे कशी जाऊ?

नको, पाणी नको. नाड्या मऊ लावा तेवढ्या. आणि ते आतलं दोन बोटं कापड — हो, कळलं मला, पुढे होईल कुणालातरी. नको. कापून टाका. तिला टोचतं. हा तिचाच फ्रॉक आहे.

शुक्रवारी येते.