सेन्सॉरनं कापलेली रांग

अरे, त्या दुष्काळात आमच्या नव्या कॉलनीत आठवड्यातून एकदाच टँकर यायचा. नेमका त्याच दिवशी माझा मित्र मुकुंद एका पोलिश सिनेमाच्या दोन डीव्हीडी घेऊन आला. एक जुनी, एक चित्र नव्यानं साफ करून कापलेले तुकडे परत जोडलेली. म्हणाला, "फरक बघ."

जुनीत एक बाई घरातून निघते आणि लगेच पाव घेऊन परत येते. नवीत मधली पावाची रांग होती, तिथल्या सरकारी सेन्सॉरनं तेव्हा कापलेली. बर्फात उभी माणसं, एकेक चेहरा लख्ख, कुणी बोलत नाय.

बायको हंडे घेऊन निघाली होती, ती तिथंच बसली. "एवढंच कापलं होतं? नुसती उभी माणसं?"

टँकर कधी आला, कधी गेला, आम्हाला कुणालाच कळलं नाय. शेजारीण खिडकीतून ओरडली, "वहिनी, पाणी नाय भरलं?"

टीव्हीवरची नजर न काढता बायको म्हणाली, "आमचा नंबरच नाय आला अजून."