समजलं, बू!

...नाही, पण तुम्हीच सांगा, आलेख खाली गेला म्हणून संशोधन खोटं कसं? तुम्हाला सांगते, जावा बेटावरच्या सुम्बिंग डोंगराच्या उतारावरच्या आमच्या शाळेत एकवीस वर्षं अपूर्णांक शिकवतेय मी, आणि एकवीस वर्षं "समजलं?" विचारलं की अख्खी पाचवी एका सुरात, "समजलं, बू!"... बाईंना बू, सरांना पाक म्हणतात आमच्याकडे... आणि वह्या उघडाव्यात तर अर्धा अधिक पाव बरोबर दोन छेद सहा! पण नाही म्हणणार कसं? मोठ्या माणसाला "नाही समजलं" म्हणायचं म्हणजे "तुम्हाला शिकवता येत नाही" म्हणायचं. आमची जावातली पोरं एक वेळ नापास होतील, पण असलं उद्धट बोलणार नाहीत!

म्हणून बढतीसाठी वर्गात संशोधन करायचं आलं, तेव्हा मी हाच विषय घेतला. बिस्किटांचा लाल डबा होता, झाकणाला आमच्या ह्यांनी भोक पाडून दिलेलं, पोरांची बोटं कापू नयेत म्हणून कडा घासघासून गुळगुळीत केलेली... गेल्या वर्षी गेले ते. असो. तर प्रत्येक पोराला एक मक्याचा दाणा, एक घेवड्याचा. समजलं तर मका, नाही तर घेवडा. मूठ झाकून डब्यात टाकायचा, उरलेला खिशात. तोंडी विचारलं तेव्हा समजलेले सव्वीसपैकी सव्वीस. डबा उघडला, तर मका सात!

मी पुन्हा शिकवलं. चौथ्या दिवशी लस्त्री नावाच्या मुलीचा हात वर. "बू, खालच्या आकड्यांची बेरीज का नाही करायची?" एकवीस वर्षांतला पहिला प्रश्न हो! आणि म्हणे हे संशोधन नव्हे!

शेजारच्या वर्गावरची बू एन्दांग म्हणाली, "अगं वुर्यानी, वेडी का तू? पहिल्या फेरीत साठ टक्के, दुसरीत नव्वद, सगळे हेच लिहितात! सव्वीसवरून सातवर कोण येतं? आकडे उलटे करून टाक की!"

"नाही करणार. सात म्हणजे सात."

"मग बस याच श्रेणीत म्हातारी होत!"

बसेन! पण आकडा बदलणार नाही. गेले तशीच तपासणीला. हॉलमध्ये आम्ही एक्केचाळीस शिक्षक, प्रत्येकाच्या मांडीवर खाऊचा खोका, समोर परीक्षक पाक त्रिमुल्यो. माझा अहवाल दोन बोटांत धरून म्हणतात, "बू वुर्यानी, तुमच्या उपायानं समज कमी झाली! तुलनेला दुसरा गट कुठाय? डबे आणि दाणे... हे संशोधन नव्हे." आणि मग खरं संशोधन म्हणजे काय, यावर चाळीस मिनिटं... गृहीतक, चल, सार्थकता, फळाभर बाण, बाणांवर बाण... केळीच्या पानातला भात उघडायचीही कुणाची हिंमत होईना. शेवटी खडू ठेवून विचारतात, "समजलं?"

"समजलं, पाक!" एक्केचाळीस जण. एका सुरात.

मला राहवलं नाही हो. उठले, पिशवीतून डबा काढला. "पाक, परवानगी असेल तर एकदा करून बघू या?" बू एन्दांगनं माझा पदर... पदर कुठला, बाही ओढली! पण मी वाटले दाणे. आणि म्हटलं, "पाक, तुमच्याशिवाय नमुना पुरा कसा व्हायचा?" तेही हसले, मूठ झाकून टाकला त्यांनी एक.

डबा मेजावर पालथा केला. बेचाळीस दाणे. मोजले, पुन्हा मोजले.

बेचाळीस घेवडे! मका? औषधालासुद्धा नाही!

पाक त्रिमुल्यो घेवड्यांकडे बघतायत, आम्ही त्यांच्याकडे. मग त्यांनी एकेक दाणा उचलून डब्यात भरला, झाकण लावलं, घसा खाकरला.

"नमुना लहान आहे. हे संशोधन नव्हे. समजलं?"

आणि तुम्हाला सांगते, आम्ही एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जण, एका सुरात...

हो, मीसुद्धा. काय करणार? डबा त्यांच्याकडे होता.