सावल्या नसल्या तरी

कॉम्प्युटरच्या दुकानात मनातल्या मनात जप करत मी माझ्या नंबरची वाट पाहत होते. पुढे एक नवरा-बायको ग्राफिक्स कार्ड बघत होते.

“काकू, हे स्वस्तातलं. गेम चालेल, पण सावल्या दिसणार नाहीत.”

“सावल्या काय करायच्यात? लेक पळताना दिसली म्हणजे झालं.”

“ऐका हिचं! या वयात लेकीबरोबर बंदुका चालवते.”

“मग? फोनवर ती लगेच ‘ठेवते गं’ म्हणते. खेळताना तासभर बोलते. नोकरी गेल्याचंही तिथेच सांगितलं.”

“नोकरी गेली? मला नाही सांगितलं.”

“तुम्ही खेळता कुठे?”

“...दादा, यात तिसरा माणूस चालतो का हो?”

“चालतो की, काका. पण कॉम्प्युटर वेगळा लागेल.”

“माझा जुना पडलाय घरी. त्यालाही एक द्या, बिनसावल्यांचंच.”