यादी करणाऱ्याची जागा

रोजगार नोंदणी कार्यालयातल्या एकमेव उघड्या खिडकीसमोर मी दुसरा होतो. माझ्या पुढे एक तरुणी होती आणि खिडकीच्या आत चष्मेवाले कारकून.

"साहेब, प्रशिक्षण केंद्राला माझं नाव कधी कळवणार?"

"यादी झाली की लगेच."

"आणि यादी कधी होणार?"

"यादी करणारे निवृत्त होऊन चार वर्षं झाली. ती बघा त्यांची खुर्ची, फॉर्मचे गठ्ठे बसलेत तिच्यावर."

"मग ती जागा भरा ना!"

"भरती वरच्या मजल्यावर होते, ताई. त्यांच्याकडे जा."

"सकाळीच जाऊन आले. ते म्हणाले, पात्र उमेदवारांची यादी खालून आली की भरू."

"बरोबर आहे. ती आम्हीच पाठवायची असते."

"मग पाठवा की!"

"अहो, यादी करणारे निवृत्त झाले म्हणून मघापासून काय सांगतोय मी?"

"मी बसून करून देते. कॉम्प्युटर येतो मला."

"बाहेरच्या माणसाला हात लावू देता येत नाही."

"मग आतली करून घ्या."

"बोलण्यात हुशार आहात. वय काय?"

"पहिल्यांदा आले तेव्हा तेवीस होतं."

"आजचं सांगा."

"मंगळवारी अठ्ठावीस पूर्ण होतील."

"अरेरे! अठ्ठावीस झाली की नोंदणीतून नाव निघतं."

"काढायला आहे का कोणी?"

"ते कॉम्प्युटरच काढतो, ताई. त्या कामाला माणूस लागत नाही."